राजाची बाग, वन-बीएचकेची बाल्कनी

फेब्रुवारी संपत आला की शहरातल्या नर्सऱ्यांमध्ये शनिवार-रविवारी एक खास गर्दी दिसते. पाठीवर सॅक, कानात हेडफोन आणि डोळ्यांपुढे इंटरनेटवर पाहिलेली एखादी झक्कास बाल्कनी. चकचकीत पाकिटांवरचे ट्युलिपचे फोटो बघून 'वॉव' होतं, दोन पाकिटं खरेदी होतात. मग महिनाभर रोज कुंडीत डोकावणं, एप्रिलमध्ये नुसती कोरडी माती आणि शेवटी तोच ठरलेला निष्कर्ष : 'आपल्या हाताला गुणच नाही.'

हाताला गुण असतो हो! चुकलेली असते ती निवड. ट्युलिपच्या कांद्याला फुलण्याआधी तीनेक महिने कडाक्याची थंडी लागते. ती अंधेरीत किंवा कोथरूडमध्ये कुठून आणणार?

कंद निवडायचे कसे, हे शिकायचं तर ज्यांच्या बागा इतिहासात गेल्या त्यांच्याकडूनच शिकावं. त्यांच्याकडे एकरांनी जमीन आणि हाताखाली माळ्यांची फौज होती, हे खरं. पण त्यांच्यापुढचे प्रश्न तुमचे-आमचेच होते. ऊन किती मिळतं? बाग बघायला वेळ कधी मिळतो? आणि कोणतं फूल इथे खरंच टिकतं?

अकरा महिन्यांची बाग

कंदच का, हा पहिला प्रश्न. उत्तर एकदम प्रॅक्टिकल आहे. आपल्यापैकी निम्मे लोक भाड्याच्या घरात राहतात. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की चला, नवा पत्ता. आंब्याचं कलम टेम्पोत घालून कुठे कुठे फिरवणार? कांदे मात्र वर्षातले काही महिने झोपलेले असतात. तेव्हा ते उपटायचे, माती झटकायची, कागदी पिशवीत भरायचे आणि नव्या घरी न्यायचे. शिवाय पुढच्या मोसमाचं जेवण त्यांनी पोटात साठवलेलं असतं. त्यामुळे ऑफिसच्या डेडलाइनमध्ये दोन दिवस पाणी घालायचं राहिलं, तरी ते रुसत नाहीत.

उन्हाळा नक्की कुणाचा?

गडबड होते ती इथे. इंग्रजी पुस्तकांतल्या 'समर-फ्लॉवरिंग बल्ब्ज'चा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. रात्री नऊपर्यंत उजेड आणि आपल्या डिसेंबरसारखी हवा. आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस कोसळत असतो आणि आपला खरा उन्हाळा मार्च ते मेमध्येच उरकलेला असतो. म्हणून ती यादी जशीच्या तशी न उचलता आपल्या कॅलेंडरवर बसवून घ्यायची.

भर उन्हाळ्यात फुलणारे आपले हिरो तीन. नर्सरीवाले नुसतं 'लिली' म्हणून विकतात ती मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांची अ‍ॅमॅरिलिस, पानांच्या आधी थेट जमिनीतून फूल वर काढणारा भुईचाफा आणि मेमध्ये लाल चेंडूसारखा उमलणारा मे फ्लॉवर. उन्हाळ्यात लावायचे आणि पावसाळ्यात बहर बघायचा, असे दुसरे तीन : निशिगंध, रेन लिली आणि सोनटक्का. कर्दळ तर जवळजवळ बारमाही. डेलिया आणि ग्लॅडिओलस मात्र मुंबई-पुण्यात हिवाळ्यासाठी राखून ठेवा.

यातले सगळेच काही कांदे नाहीत. सोनटक्का, कर्दळ आणि भुईचाफ्याचे गड्डे असतात. पण बागवाले या सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतात, आपणही टाकू.

व्हर्सायचा फंडा : कुंडी बदला, बाग बदलेल

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला व्हर्सायच्या दरबारी गर्दीचा कंटाळा आला की तो जवळच्या त्रियानोंच्या महालात जायचा. तिथला संगमरवरी महाल १६८७ मध्ये उभा राहिला. तिथल्या वाफ्यांत फुलझाडं कुंड्यांसकट जमिनीत पुरलेली असत. बहर ओसरला की माळी कुंडी काढून दुसरी ठेवत. राजाला रोज ताजी बाग आणि पाहुण्यांना वाटावं, जादूच झाली!

त्या बागेचा लाडका कांदा म्हणजे आपला निशिगंध, अर्थात गुलछडी. मूळचा मेक्सिकोचा, स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेलेला. दरबारातला आठवणीकार सां-सिमों याने लिहून ठेवलंय की त्रियानोंमध्ये निशिगंधाचा वास इतका दाटून यायचा की लोकांना बागेतून काढता पाय घ्यावा लागे. राजाची ही हौस आपल्याला दोन गोष्टी शिकवते.

एक, सगळ्या कुंड्या एकदम दर्शनी मांडू नका. झोपलेले आणि पानांवर असलेले कंद ड्राय बाल्कनीत ठेवा. कळी दिसली की ती कुंडी पुढे आणा. चार फूट जागेत वर्षभर काहीतरी फुललेलं दिसेल. दोन, निशिगंधाची एकच कुंडी पुरे आणि तीही बेडरूमच्या खिडकीपासून लांब.

वासासाठी सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांची जात मागा. डबल दिसायला भरगच्च असते, पण वास कमी. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'शृंगार' किंवा गुलाबी झाक असलेल्या कळ्यांची 'प्रज्वल' या दोन्ही एकेरी आहेत. मार्च ते मेमध्ये बारा इंची कुंडीत पाच कांदे, दोन इंच खोल लावा. साधारण तीन-चार महिन्यांत दांडे येतात. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही : ज्या कांद्याला एकदा फूल आलं, त्याला पुन्हा येत नाही. पुढच्या वर्षी त्याची पिल्लं फुलतात. तेव्हा दांडा सुकला म्हणून कुंडी रिकामी करू नका!

रात्री घरी येणाऱ्यांसाठी

खरं सांगा, तुम्ही तुमची बाल्कनी उजेडात किती वेळ बघता? सकाळी साडेआठची लोकल किंवा कंपनीची बस, परत यायला रात्रीचे नऊ. अशा माणसाने लाल-जांभळ्या फुलांवर पैसे का घालवावेत? अंधारात हे रंग आधी बुडतात. तरंगत राहतो तो पांढरा.

हे शहाणपण जुनं आहे. आग्र्याला ताजमहालासमोर, यमुनेच्या पलीकडच्या काठावर मेहताब बाग आहे. मेहताब म्हणजे चंद्र. चांदण्यात बसून बघायची ही बाग. १९९० च्या दशकातल्या उत्खननात तिथला मोठा अष्टकोनी हौद सापडला. त्यात ताजचं प्रतिबिंब दिसावं, अशी ती आखणी होती. १६५२ मध्येच या बागेत पुराचं पाणी शिरल्याचं औरंगजेबाने बापाला पत्रातून कळवलं होतं. पाणी तुंबण्याची चिंता फक्त आपल्याच बाल्कनीत नाही!

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. केंट परगण्यातल्या सिसिंगहर्स्टची पडकी वास्तू लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरल्ड निकल्सन यांनी १९३० मध्ये घेतली. १९५० च्या सुमारास व्हिटाने तिथे पांढऱ्या फुलांची बाग केली, तीही संध्याकाळच्या धूसर उजेडात खुलून दिसावी म्हणून. करड्या पानांच्या गर्दीतून वर येणारी पांढरी रीगल लिली हे तिचं स्वप्न. ही लिली चीनमधून आणताना अर्नेस्ट विल्सन या वनस्पतीशोधकाचा पाय १९१० मध्ये दरड कोसळून मोडला होता.

रीगल लिली आपल्या उकाड्यात नांदणार नाही. पण कल्पना उचलायला व्हिसा लागत नाही. आपली पांढरी बाग अशी : पुढे पसरट कुंडीत पांढरी रेन लिली, मध्ये निशिगंध, मागे मोठ्या कुंडीत सोनटक्का. करड्या पानांसाठी डस्टी मिलर किंवा दवणा. रेन लिली रात्री मिटते, त्यामुळे तिची मजा रविवारी सकाळी. पण निशिगंध आणि सोनटक्का दिवेलागणीनंतरच खरे रंगात येतात. लॅपटॉप बंद करून दहा मिनिटं बाहेर बसा, एसी नको वाटेल.

बंडखोर म्हातारा आणि कर्दळ

कर्दळ म्हटलं की आपल्याला आठवते सरकारी ऑफिसबाहेरची किंवा रेल्वे स्टेशनवरची. 'डाउनमार्केट' म्हणून नाक मुरडण्याआधी ग्रेट डिक्स्टरची गोष्ट ऐका. इंग्लंडमधल्या ईस्ट ससेक्समधलं हे जुनं घर एडविन लट्यन्सने वाढवलं. नवी दिल्ली आखणारा तोच हा लट्यन्स. त्याने तिथे गुलाबांची बागही आखली होती. पण घराचे वारस ख्रिस्तोफर लॉइड यांनी वयाच्या सत्तरीत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, ते गुलाब चक्क उपटून टाकले आणि जागी लावल्या कर्दळी, डेलिया आणि केळी! नाकं मुरडणारे बरेच होते. आज ती बाग बघायला जगभरातून लोक जातात.

म्हणजे जी कर्दळ आपण फुकट मिळते म्हणून टाळतो, तीच तिकडे स्टाइल स्टेटमेंट. निवडताना फुलाइतकंच पान बघा. जांभळट पानांची किंवा पिवळ्या रेघांच्या पानांची कर्दळ फूल नसतानाही कोपरा भरून टाकते. चौदा इंची कुंडी, भरपूर ऊन आणि भरपूर पाणी एवढीच तिची मागणी. फुलून गेलेला दांडा बुडापासून कापा, शेजारून नवा येतो. आणि लॉइडचा धडा विसरू नका : भगव्याशेजारी गुलाबी लावायला घाबरायचं नाही.

मराठीचं व्याकरण आणि कांद्यांचं वेड

आता जरा घराजवळ येऊ. विल्यम केरी हा मिशनरी १७९३ मध्ये भारतात आला आणि पुढे कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला स्थिरावला. १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये शब्दकोश. हा माणूस अट्टल बागवेडा होता. १८२० मध्ये त्याच्या पुढाकाराने कृषी आणि उद्यानविद्येची संस्था स्थापन झाली. १८२३ च्या पुरात त्याची बाग उद्ध्वस्त झाली आणि साठी उलटलेल्या केरीने ती पुन्हा उभी केली. आपल्या अ‍ॅमॅरिलिसच्याच कुळातला क्रायनमचा एक कांदा, क्रायनम केरीयानम, त्याच्या नावाने ओळखला जातो.

आपल्या पुण्यातही असा एक माणूस होऊन गेला. जी. मार्शल वुड्रो. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, गणेशखिंडच्या बागेची देखरेख करणारे आणि 'गार्डनिंग इन इंडिया' या पुस्तकाचे लेखक. महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटजवळचा एक रानटी क्रायनम त्यांच्या नावाने ओळखला जातो, क्रायनम वुड्रोवी. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं तो कुणाला दिसला नव्हता. २००० च्या दशकात संशोधकांना तो पुन्हा सापडला, पण मोजक्याच संख्येने.

म्हणून ट्रेकर मंडळींना एक कळकळीची विनंती. पहिल्या पावसाच्या सुमाराला सह्याद्रीच्या कड्यांवर पांढरी लिलीसारखी फुलं दिसली, तर फोटो काढा आणि पुढे चला. कांदा उपटून सॅकमध्ये टाकू नका. तुमच्या कुंडीत तो बहुधा मरेल आणि कड्यावरून मात्र कायमचा जाईल. हौस असेल तर नर्सरीत वाढवलेला साधा क्रायनम घ्या. रुंद पानं, रात्री सुवास आणि ऊन-पाऊस दोन्हीला दाद न देणारा स्वभाव. फक्त कुंडी मोठी हवी.

खरेदीला जाताना

• कांदा हातात घेऊन दाबा. घट्ट आणि आकाराच्या मानाने जड हवा. मऊ, बुरशी आलेला किंवा पोकळ लागणारा परत ठेवा.

• दोन लहान कांद्यांपेक्षा एक मोठा घ्या. निशिगंधाचा दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचा कांदा त्याच मोसमात फुलतो. त्याहून लहान असेल, तर पहिलं वर्ष नुसत्या पानांचं.

• अ‍ॅमॅरिलिसची मान मातीच्या वर ठेवा. पूर्ण पुरलात तर सडण्याची भीती. नोव्हेंबरपासून सहा-आठ आठवडे तिचं पाणी तोडा, फेब्रुवारीत पुन्हा सुरू करा.

• माती, शेणखत आणि वाळू किंवा कोकोपीट यांचं भुसभुशीत मिश्रण करा. कुंडीचं भोक मोकळं हवं. कंद उन्हापेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त मरतात.

• भुईचाफा हिवाळ्यात दिसेनासा होतो. मेला समजून कुंडी फेकू नका. पाणी थांबवा, मार्च-एप्रिलची वाट बघा.

• घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर जपून. अ‍ॅमॅरिलिस, क्रायनम आणि रेन लिलीचे कांदे विषारी असतात. कळलावी दिसायला कितीही देखणी असली, तरी तिचा कंद जीवघेणा आहे. तो नकोच.

पहिल्या वर्षी तीनच कुंड्यांनी सुरुवात करा : उन्हाळ्यासाठी अ‍ॅमॅरिलिस, रात्रीसाठी निशिगंध आणि पहिल्या पावसासाठी रेन लिली. तिघांचा खर्च एका मल्टिप्लेक्सच्या वीकएंडइतका. फरक इतकाच, की सिनेमा तीन तासांत संपतो आणि कांद्याला पिल्लं होतात. दोन वर्षांनी घर बदलाल, तेव्हा सामानात एक कागदी पिशवी जास्त असेल आणि जुन्या शेजाऱ्यांकडे एक कुंडी.