लुकलुकणाऱ्या दिव्याची भाषा

मोटारीत चालकापुढच्या फलकावर इंजिनाचा एक छोटा दिवा असतो. तो पेटला की काहीतरी बिघडले एवढेच कळते. पण नेमके काय? अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या १९८० ते १९९० या काळातील अनेक मोटारींत याचे उत्तर हा दिवाच देतो. ते वाचायला तारेचा एक तुकडा पुरतो.

या मोटारींत इंजिनावर देखरेख ठेवणारा संगणक असतो. फलकाखाली बारा घरांचे एक सॉकेट असते. किल्ली बंद असताना त्याच्या वरच्या ओळीतील उजवीकडची ‘ए’ आणि ‘बी’ ही घरे तारेने जोडायची. मग किल्ली फिरवायची, मात्र इंजिन सुरू करायचे नाही. दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, मग लागोपाठ दोनदा लुकलुकतो. हा झाला आकडा १२. तो तीनदा येतो. इंजिन फिरत नसल्याने डिस्ट्रिब्युटरकडून स्पंद येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर संगणकाने साठवलेले बिघाडांचे आकडे येतात, प्रत्येक तीनदा. इतर मोटारींत घरांची मांडणी निराळी असते; तेथे हा प्रयोग करू नये.

समजा, १५ हा आकडा आला. तक्ता सांगतो, ‘इंजिनातील पाणी अतिशय थंड’. पण इंजिन तर चांगले तापलेले! मग संगणक खोटे बोलतो काय?

पाण्याचे तापमान मोजतो थर्मिस्टर. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो: २० अंश सेल्सिअसला सुमारे ३,५०० ओहम, तर १०० अंशांना २०० ओहमहूनही कमी. संगणक एका ठरावीक रोधामार्फत त्याला ५ व्होल्ट पुरवतो आणि थर्मिस्टरच्या टोकांमधील विभवांतर मोजतो. पाणी त्याला दिसत नाही. दिसते ते फक्त विभवांतर. तार तुटली की विद्युतप्रवाह थांबतो आणि विभवांतर पूर्ण ५ व्होल्ट होते. संगणक समजतो, कडाक्याची थंडी पडली आहे! तो इंजिनाला जास्त पेट्रोल देऊ लागतो. उलट, तार उघडी पडून मोटारीच्या सांगाड्याला टेकली, तर विभवांतर शून्य होते आणि आकडा येतो १४, म्हणजे ‘पाणी अतिशय गरम’.

म्हणून १५ दिसताच थर्मिस्टर बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे ठरू शकते. इंजिन गार झाल्यावर त्याची जोडणी काढून मल्टिमीटरने रोध मोजावा. तो तापमानाशी जुळला, तर दोष बहुधा तारेत किंवा जोडणीत आहे. आकडा कोठे शोधायचे ते सांगतो. काय बिघडले ते मोजूनच ठरवावे लागते.

एक थर्मिस्टर, एक रोध, विजेरीचे तीन घट आणि व्होल्टमीटर घेऊन हे मंडल शाळेतही जोडता येईल. थर्मिस्टरची तार काढा आणि व्होल्टमीटरचा काटा कोठे जातो ते पाहा.