शत्रूला क्षमा आणि कायद्याची शिक्षा

गिरिप्रवचनात (येशूने डोंगरावर केलेला उपदेश) शत्रूंवर प्रीती करण्याची व छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची जी आज्ञा आहे, तिचा अर्थ अन्याय निमूटपणे सोसणे असा पुष्कळदा, आणि काहीसा स्वाभाविकपणे, घेतला जातो. वस्तुतः ख्रिस्ती क्षमा म्हणजे अपराधाला अपराधच मानून सूडाचा हक्क सोडणे होय. सावकाराने येणे सोडले, तरी कर्ज दिलेच नव्हते असे ठरत नाही. १३ मे १९८१ रोजी व्हॅटिकनच्या चौकात मेहमत अली आग्जाने पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपनी रुग्णालयातून त्याला क्षमा केल्याचे जाहीर केले, त्याच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले आणि १९८३ साली तुरुंगात त्याची भेटही घेतली, परंतु इटलीच्या न्यायालयाने दिलेली जन्मठेप त्यामुळे संपली नाही. राष्ट्राध्यक्षांच्या माफीने तो २००० साली सुटला, तेव्हाही एका पत्रकाराच्या जुन्या खुनासाठी तुर्कस्तानात त्याला पुन्हा कैद भोगावी लागली.