एकाच डब्यात सहा लेझर?

‘‘एकीच मशीन में सब हो जाता साब, अलग-अलग कायकू लेते?’’ हैदराबादच्या गौलीगुड्यात किंवा शेजारच्या कोठीत त्वचेचं क्लिनिक थाटायला निघालेल्या तरुण डॉक्टरची या वाक्यापासून सुटका नाही. उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या आसऱ्याने कोठीत सर्जिकल सामानाची दुकानं आहेतच. शिवाय डीलरची माणसं टॅब्लेट घेऊन दारापर्यंत येतात. पत्रकावर छापलेलं असतं : केस, टॅटू, वांग, मुरमांचे खड्डे, सुरकुत्या आणि अर्थातच गोरेपणा. सहा हँडपीस, एक डबा, ईएमआयची सोय. लहानशा गाळ्यात चार यंत्रं मांडायची कुठे, हा डॉक्टरचा प्रश्न अगदी खरा आहे. म्हणूनच हे उत्तर त्याला पटकन पटतं.

मला ते पटत नाही. ते का पटत नाही, हे वारंवार सांगून आता कंटाळा आला आहे, पण पुन्हा एकदा सांगतो.

1983 साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध छापला. आज त्वचेच्या लेझरबद्दल जे काही शिकवलं जातं, त्याचा पाया तिथे आहे. म्हणणं साधं आहे. प्रकाशाची तरंगलांबी अशी निवडा की ती तुमच्या लक्ष्यातच शोषली जाईल, आणि प्रकाशाचा ठोका इतका आखूड ठेवा की लक्ष्य तापेल, पण उष्णता शेजारच्या त्वचेत पसरायच्या आत ठोका संपलेला असेल. या ठोक्याच्या अवधीला पल्स विड्थ म्हणतात. केसाचं मूळ जाडजूड असतं, ते थंड व्हायला वेळ घेतं. त्याला मिलीसेकंदांचा ठोका लागतो, साधारण 10 ते 100. टॅटूच्या शाईचे आणि मेलॅनिनचे कण अतिसूक्ष्म. त्यांना नॅनोसेकंदांचा, म्हणजे 5 ते 10 नॅनोसेकंदांचा ठोका लागतो. 10 मिलीसेकंद आणि 10 नॅनोसेकंद यांत फरक आहे 10 लाख पटींचा.

हा फरक हँडपीस बदलून भरून निघत नाही. नॅनोसेकंदाचा ठोका काढायला क्यू-स्विच, म्हणजे साठवलेली ऊर्जा एका झटक्यात सोडणारी कळ लागते, लेझरची कांडी लागते, आरसे लागतात. केसांच्या डायोड लेझरमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे अर्धवाहकांच्या पट्ट्या आणि त्या थंड ठेवणारं पाणी असतं. आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट, तर लेझरच नाही. तो झेनॉनचा दिवा आहे, साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरपर्यंतचा सगळा प्रकाश फेकणारा, आणि पुढे गाळणी लावून त्यातला नको तो भाग अडवायचा. दिवा एकच ठेवून गाळण्या बदलल्या की पत्रकावर पाच ‘उपचार’ छापता येतात.

मग स्वस्त सिक्स-इन-वनमध्ये टॅटूचा हँडपीस येतो कुठून? तो हातात घेऊन बघा. बऱ्याच डब्यांत लेझरची छोटी कांडी त्या हँडपीसमध्येच बसवलेली असते आणि त्याच्याकडे जाडशी केबल व पाण्याच्या नळ्या येतात. स्वतंत्र क्यू-स्विच्ड यंत्रात लेझर मुख्य पेटीत असतो आणि किरण सांध्यासांध्यांच्या आरसेबंद दांड्यातून बाहेर येतो. छोट्या कांडीत क्यू-स्विच असतो, नाही असं नाही. पण ऊर्जा कमी, ठिपका लहान, आणि किरणाची तीव्रता ठिपक्यात सगळीकडे सारखी राहीलच याची खात्री नाही. मध्ये जास्त, कडेला कमी झाली, तर पेशंटच्या गालावर मध्ये जळतं आणि कडेला काही होत नाही.

डेमोमध्ये यातलं काही दिसत नाही. डेमोत फुगा असतो. पारदर्शक फुग्यात काळा फुगा फुगवतात, हँडपीस टेकवतात, फाट्‌कन आवाज येतो, आतला काळा फुटतो आणि बाहेरचा शाबूत राहतो. सगळे खूश. अहो, काळा रंग प्रकाश शोषतो एवढंच त्यातून सिद्ध झालं. ते सिद्ध करायला लाखांचं यंत्र लागत नाही. बाहेरच्या फुग्यात मेलॅनिन नाही. तुमच्या पेशंटच्या त्वचेत भरपूर आहे.

खरा धोका इथेच आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये त्वचेचे जे प्रकार मांडले आणि पुढे ज्यांची संख्या सहापर्यंत वाढली, त्यांत आपली बहुतेक मंडळी चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. अशा त्वचेत वरच्या थरातलंच मेलॅनिन प्रकाश गिळतं. तरंगलांबी जितकी आखूड, तितकं जास्त. म्हणून सावळ्या त्वचेवर 1064 नॅनोमीटरचा लाँग-पल्स एनडी-याग लेझर तुलनेने निर्धोक समजला जातो : त्याचं मेलॅनिनमधलं शोषण कमी आणि तो खोलवर जातो. 808 किंवा 810 चा डायोड नीट थंडावा आणि लांब ठोका ठेवून वापरता येतो. आयपीएलची चुकीची गाळणी निवडली, तर मात्र हँडपीसच्या चौकोनी काचेचाच ठसा कातडीवर उमटतो. हनुवटीखाली ओळीने लांबट चौकोन, आधी लाल, मग काळे. असे चौकोन दिसले की कुठला हँडपीस वापरला ते विचारावंही लागत नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे आयएडीव्हीएलच्या टास्क फोर्सने केस कमी करण्याच्या लेझर-आयपीएलबद्दल मार्गदर्शक तत्त्वं 2008 मध्येच छापली आहेत. यंत्र विकणाऱ्याने ती वाचलेली नसतात, घेणाऱ्याने तरी वाचावीत.

अलीकडे याच गैरसमजाने नवा अंगरखा चढवला आहे : ‘ट्रिपल वेव्ह डायोड, 755, 808, 1064 एकत्र, सगळ्या त्वचेला चालतो.’ वाचणाऱ्याला वाटतं, अलेक्झांड्राइट, डायोड आणि एनडी-याग असे तीन लेझर मिळाले. मिळालेला असतो एकच डायोड, त्याच्या काही पट्ट्या 755 च्या, काही 808 च्या, काही 1064 च्या. बहुतेक यंत्रांत तिन्ही एकदम सुटतात, म्हणजे एकूण ऊर्जा तिघांत वाटली जाते. त्यातली 1064 वेगळी काढून फक्त सावळ्या पेशंटला द्यायची सोय नसेल, तर त्या आकड्याचा तिला काय उपयोग? उलट 755 चा भाग तिच्या वाट्याला येतोच.

एवढं वाचून ‘मग मल्टी म्हणजे फसवणूक’ असं ठरवू नका, तोही गैरसमजच. कॅन्डेला कंपनीच्या जेंटलमॅक्स प्रो या यंत्रात 755 चा अलेक्झांड्राइट आणि 1064 चा एनडी-याग हे दोन खरेखुरे लेझर एका पेटीत आहेत. क्यू-स्विच्ड एनडी-यागमध्ये 1064 चा किरण एका स्फटिकातून नेऊन 532 मिळवतात. काळ्या शाईसाठी एक, लाल शाईसाठी दुसरा, आणि दोन्ही ठोके नॅनोसेकंदांचेच. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर मुरमांच्या खड्ड्यांसाठी घेतला, तर त्यालाच कापायचा हँडपीस लावून मस आणि चामखीळही काढता येतात. कारण 10,600 नॅनोमीटरचा किरण पाणी शोधतो, आणि पाणी खड्ड्यातही आहे, चामखिळीतही. एकाच स्रोताचे दोन उपयोग असतील, तर खुशाल घ्या. ज्या कामांना मुळात वेगवेगळे स्रोत लागतात, ती एका दिव्यावर भागवली असतील, तर पैसे जपा.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही हवं. जन्मखुणांच्या लाल डागांसाठी 595 नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर उत्तम, यात वाद नाही. पण त्यातला रंगद्रव वापरला नाही तरी खराब होतो आणि बदलावा लागतो. महिन्याला एखादाच असा पेशंट येणाऱ्या क्लिनिकने हे स्पेशल यंत्र घेणं म्हणजे हप्ते भरण्यासाठी पेशंट शोधत फिरणं. असा पेशंट मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावा, त्यात कमीपणा नाही.

आता उरलेले गैरसमज भरभर. ‘एफडीए रजिस्टर्ड’चं चकचकीत प्रमाणपत्र : अमेरिकेचं एफडीए कंपन्यांना असली नोंदणीची प्रमाणपत्रं देतच नाही, आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. ‘केस कायमचे जातात’ : एफडीएची परवानगी केस कायमचे कमी करण्यापुरती आहे, समूळ नाहीसे करण्यासाठी नाही, पीसीओएस असलेल्या मुलीला हे पहिल्याच दिवशी सांगा. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, जूल कितीही वाढवा. ‘वांग टोनिंगने, म्हणजे क्यू-स्विच्ड लेझरच्या कमी ऊर्जेच्या सिटिंगांनी, जातो’ : पुन्हा उमटतो, आणि सिटिंगांचा अतिरेक झाला तर पांढरे ठिपके उरतात. ‘पिको’, म्हणजे पिकोसेकंद, लिहिलेली कित्येक स्वस्त यंत्रं नॅनोसेकंदांचीच असतात. ‘काळा चष्मा आहे ना, मग झालं’ : नाही झालं. लेझरच्या चष्म्यावर तरंगलांबी आणि ओडी, म्हणजे तो किरण किती अडवतो याचा आकडा, छापलेला असतो. 1064 चा चष्मा 755 ला उपयोगाचा असेलच असं नाही. डब्यात चार तरंगलांब्या असतील, तर चष्मेही त्या हिशेबाने हवेत. सोबत एकच हिरवा चष्मा आला असेल, तर डोळा कुणाचा जाणार याचा विचार करा : तुमचा, पेशंटचा की मदतनीस मुलीचा.

आणखी एक व्यवहाराची बाब, डीलर जिच्याबद्दल कधीच बोलत नाही. ऑल-इन-वनचा पॉवर सप्लाय गेला की केस, टॅटू, टोनिंग सगळं एकदम बंद. सहा सिटिंगांचे पैसे आगाऊ भरलेली माणसं चार-सहा आठवड्यांच्या अंतराने बोलावलेली असतात. त्यांना तुम्ही ‘पार्ट यायचाय’ असं किती दिवस सांगणार? आयपीएलच्या दिव्याचं आणि डायोडच्या पट्ट्यांचं आयुष्य शॉट्समध्ये मोजतात, आणि नवा हँडपीस हा यंत्राच्या किमतीतला मोठा हिस्सा असतो. त्याचा भाव खरेदीच्या आधी विचारायचा असतो, नंतर नव्हे.

गौलीगुड्यासारख्या वस्तीत नवं क्लिनिक असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. आधी रेडिओफ्रिक्वेन्सी कॉटरी आणि केमिकल पील. खर्च कमी, काम भरपूर. मग केसांसाठी एक चांगला डायोड किंवा लाँग-पल्स एनडी-याग. पेशंट वाढले की क्यू-स्विच्ड किंवा फ्रॅक्शनल सीओटू, जे जास्त मागतील ते आधी. सहा हँडपीसचा डबा या यादीत नाही.

आणि कुठलंही यंत्र घेताना कोटेशन लेखी मागा. प्रत्येक हँडपीसपुढे प्रकाशाचा स्रोत, तरंगलांबी, पल्स विड्थ, ठिपक्याचा आकार आणि कमाल ऊर्जा लिहून द्यायला सांगा. सोबत आयातीच्या एमडी-15 परवान्याची प्रत मागा. 2017 च्या मेडिकल डिव्हाइस नियमांखाली आयातीला तो परवाना लागतो. डेमोला फुग्याऐवजी एनर्जी मीटर आणायला लावा. पल्स विड्थचा रकाना कोरा आला, तर ॲडव्हान्स देऊ नका.