गरम पाण्याच्या झऱ्यावर फोन चार्ज होईल का?

मंडईतून रेकॉर्ड करतोय, मागे टेम्पोचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या. आजचा प्रश्न सोपा आहे: कोकणात जमिनीतून फुकट गरम पाणी येतं, मग त्यावर वीज का नाही करत?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी साधारण ७० अंशांचं. त्याची वाफ होत नाही, मग टर्बाइन फिरणार कसं? त्यावर तोडगा आहे. गाडीच्या एसीत असतो तसला, कमी तापमानाला उकळणारा द्रव बंद पाइपमध्ये ठेवायचा. झऱ्याच्या उष्णतेने तो उकळतो, त्याची वाफ टर्बाइन फिरवते, मग थंड पाण्याने तिचा पुन्हा द्रव करायचा. अलास्कातल्या चेना हॉट स्प्रिंग्जला २००६ मध्ये हेच केलं. पाणी फक्त ७४ अंश, आणि एका युनिटमधून २०० किलोवॉट!

म्हणजे आपल्याकडेही जमेल? थांबा.

व्यापाऱ्याला पैसे कुठे सुटतात? मार्केट यार्डातला भाव आणि मंडईतला भाव, यांच्या फरकात. विजेचंही तसंच. नुसतं गरम पाणी पुरत नाही, गरम आणि थंड यांच्यातला फरक लागतो. चेनाला थंड पाणी साधारण ४ अंशांचं मिळतं, म्हणजे फरक ७० अंशांचा. कोकणात थंड म्हणजे २८ अंश धरा. फरक उरला ४२.

आता गणित करू. समजा, झऱ्यातून सेकंदाला १ लिटर पाणी येतं. ते १५ अंशांनी थंड केलं की ६३ किलोवॉट उष्णता मिळते. चेनाला त्यातली सुमारे ८ टक्के विजेत उतरते. आपण ५ धरू. वीज किती? ३ किलोवॉट. त्यातही पंपाचा खर्च वेगळा. म्हणजे जेमतेम एक इन्स्टंट गीझर चालेल. गरम पाण्यापासून वीज, आणि त्या विजेवर परत गरम पाणी!

चेनाला एका युनिटसाठी मिनिटाला सुमारे २००० लिटर गरम पाणी लागतं. तिथे वीजवाहिनी नव्हती, डिझेल जाळावं लागायचं, म्हणून तो खटाटोप परवडला. लडाखच्या पुगा खोऱ्यातही पाणी गरम आणि हवा थंड. तिथल्या १ मेगावॉटच्या प्रकल्पासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला, तो याच हिशोबाने.

मग कोकणाने काय करायचं? ते ६३ किलोवॉट उष्णता म्हणूनच वापरायचे. मे महिन्यात अवकाळी पाऊस आला की आमसुलं वाळत नाहीत, माल खराब होतो. झऱ्याचं पाणी पाइपमधून फिरवून एक वाळवणाची खोली गरम ठेवता येईल. टर्बाइन नको, लागेल फक्त पंखा, आणि तो चालवायला एखादं सोलर पॅनल.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘झऱ्यावर वीज’ची रील पाठवली, तर दोनच प्रश्न विचारा: सेकंदाला पाणी किती, आणि थंड बाजू किती अंशांची?

चला, भेटू पुढच्या एपिसोडला!