पुड्यावरील बारीक अक्षरे

आपल्या सोलापुरात चटणी शेंगांची, भरल्या वांग्यात कूट शेंगांचे, चिवड्यातही शेंगाच. म्हणून शेंगा कुणाला बाधत असतील हे आपल्याला पटत नाही. "पित्त उठले असेल" असे म्हणून विषय संपतो. परंतु ज्या मुलाला शेंगांची ॲलर्जी आहे, त्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

दूध पिऊन पोट फुगणे ही बाब निराळी. तेथे दुधातील साखर पचत नाही. त्रास होतो, पण जीवाला धोका नसतो.

आपल्या कार्यक्रमांतून मुलांना खाऊचे पुडे वाटले जातात. ते कोणी वाचून पाहत नाही. पुड्यावरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, म्हणून हे काम घरातील विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. 'इन्ग्रेडियंट्स' या शब्दाखाली घटक दिलेले असतात. जो सर्वांत जास्त, तो आधी. त्याखाली 'कन्टेन्स' असा शब्द शोधावा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लूटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे व काजू-बदाम, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट यांचा उल्लेख करावा लागतो. 'मे कन्टेन' म्हणजे तो पदार्थ मुद्दाम घातलेला नाही, पण कारखान्यात मिसळला गेला असण्याचा संभव आहे. ॲलर्जी असलेल्याने तोही पुडा टाळावा.

या यादीत तिळाचे नाव नाही! अमेरिकेत २०२३ पासून तीळ लिहिणे सक्तीचे झाले. आपल्याकडे ज्याला तीळ बाधतो, त्याने सगळे घटक वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

नावे बदलूनही पदार्थ येतात. 'व्हे' आणि 'केसीन' म्हणजे दुधाचेच अंश. 'माल्ट' बहुधा जवाचे, म्हणजे त्यात ग्लूटेन आले. सर्वांत फसवा हिंग. डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो; त्यात डिंक व पीठ मिसळतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. सीलिॲक विकारात गहू आतड्याला इजा करतो. असा रुग्ण गहू नाही म्हणून बेसनाची शेव खुशाल खातो, आणि शेवेत हिंग असतो. चिवड्यातील पिवळ्या बेदाण्याचेही तसेच. रंग टिकावा म्हणून त्यास गंधकाची धुरी देतात. दम्याच्या काही रुग्णांना त्यातील सल्फाइट सोसत नाही. पुड्यावर ते २२० ते २२८ अशा क्रमांकांनी लिहिलेले आढळते.

वाटपाचे पुडे घेण्यापूर्वी एक आणून वाचावा, आणि कोणत्या मुलाला काय चालत नाही ते आईवडिलांना विचारून ठेवावे. सुट्या फरसाणाच्या पिशवीवर मात्र वाचण्यासारखे काहीच नसते. तेथे दुकानदारालाच विचारावे लागते, की शेंगा तळल्या त्याच कढईत शेव तळली काय?