मियुकी पुलावरचा छायाचित्रकार

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या दिवशी शहरात होरपळलेल्या माणसांची म्हणून जी छायाचित्रे आज जगापुढे आहेत, ती योशितो मात्सुशिगे यांनी काढलेली. ‘चुगोकु शिंबुन’ या स्थानिक दैनिकाचे ते वृत्तछायाचित्रकार, वय बत्तीस. जवळ एक कॅमेरा आणि दोन रोल, म्हणजे २४ फोटोंची सोय. दिवसभर पायपीट करून त्यांनी खटका दाबला सात वेळा. त्यातले पाच फोटो आले. एवढ्या थोड्या कामावर एवढे मोठे नाव वृत्तछायाचित्रणात क्वचितच कुणाला मिळाले असेल, आणि ते सर्वस्वी रास्त आहे.

मात्सुशिगे यांचा जन्म १९१३ चा, हिरोशिमाजवळच्या कुरे या नौदलाच्या बंदरातला. युद्धकाळात वर्तमानपत्राच्या कामाबरोबरच हिरोशिमाच्या किल्ल्यातल्या लष्करी मुख्यालयाचेही वार्तांकन त्यांच्याकडे होते. काय छापायचे आणि काय नाही, हे तेव्हा सरकार ठरवी. मृतदेहांचे फोटो छापायला बंदी होती.

घर मिदोरी-चो भागात, स्फोटाच्या केंद्रापासून २.७ किलोमीटरवर. तिथेच पत्नीचे केशकर्तनालय होते. सकाळची न्याहारी करून ते कामावर निघायच्या तयारीत होते. अंगात सदराही नव्हता. डोळ्यांपुढे पांढराशुभ्र लखलखाट झाला आणि पाठोपाठ स्फोटाचा धक्का आला. अंगात काचा घुसल्या, भिंतींना भगदाडे पडली. ढिगाऱ्याखालून त्यांनी कपडे आणि कॅमेरा ओढून काढला आणि कचेरीच्या दिशेने चालायला लागले.

कॅमेरा होता ‘मामिया सिक्स’, घडी घालून खिशात ठेवता येईल असा, भात्याचा. एका रोलवर सहा बाय सहा सेंटीमीटरचे बारा चौकोनी फोटो निघत. फोकस साधायला इतर कॅमेऱ्यांत भिंग पुढे-मागे करतात. यात भिंग जागचे हलत नाही, पाठीमागचे चाक अंगठ्याने फिरवले की आतली फिल्मच सरकते. प्रत्येक फोटोनंतर रोल हाताने पुढे घ्यायचा आणि शटर पुन्हा चढवायचे. धडाधड फोटो काढण्याची सोयच नाही. प्रत्येक फोटोआधी माणसाला थांबावे लागते, आणि त्या दिवशी प्रत्येक थांबण्यात एक निर्णय होता.

मियुकी पुलाच्या तोंडाशी पोलीस चौकी होती. आगीतून पळत सुटलेली माणसे तिथवर येऊन कोसळली होती. त्यांत शाळकरी मुलेमुली फार. आगीला अटकाव म्हणून इमारती पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर त्यांना जुंपले होते, त्यामुळे बॉम्ब पडला तेव्हा ती उघड्यावर होती. पाठीवर, दंडांवर फोड आलेले, कातडी सुटून लोंबणारी. मात्सुशिगे यांनी कॅमेरा उचलला, पण बोट चालेना. पुढे ते सांगत, की सुमारे वीस मिनिटे ते तसेच घुटमळत राहिले. मग मन घट्ट करून एक फोटो घेतला. चार-पाच मीटर पुढे जाऊन दुसरा घेतला, तेव्हा डोळ्यांतल्या पाण्याने समोरचे धूसर झाले होते. हा माणूस मदत करायची सोडून आपले फोटो काढतो आहे, असे सगळ्यांना वाटत असणार, ही बोच त्यांना जन्मभर राहिली.

तो दुसरा फोटो नीट पाहावा. बहुतेकांची कॅमेऱ्याकडे पाठ आहे. केस जळून पिंजारलेले, कपड्यांच्या चिंध्या. त्यात कापड कुठले आणि कातडी कुठली, हे सांगता येत नाही. पुढे नाविकी कॉलरचा गणवेश घातलेली एक मुलगी उभी आहे. भाजलेल्या अंगांना तेल चोपडले जात आहे, कारण दुसरे औषधच नव्हते. रक्तमांस उघडे करून दाखवणारे हे चित्र नाही. तरीही नजर हटत नाही, कारण त्या घोळक्यात आपणही मागे उभे आहोत असे वाटते.

पुढे शहराच्या मध्यभागी, कामिया-चो भागात, त्यांना जळालेली ट्राम दिसली. पायरीवर पाय ठेवून आत पाहिले, तर पंधरा-सोळा प्रवासी एकमेकांवर मरून पडलेले, अंगावर वस्त्र नाही. या अवस्थेतला आपला फोटो मागे राहावा असे कुणाला वाटेल? त्यांनी फोटो घेतला नाही. त्या भागात ते तासन्‌तास फिरले, पण खटका एकदाही दाबला नाही. उरलेले तीन फोटो घराच्या आसपासचे: पत्नीच्या दुकानाची दैना, खिडकीतून दिसणारी पडझड, आणि डोक्याला पट्टी बांधून आपद्ग्रस्तांना दाखले लिहून देणारा एक पोलीस.

‘चुगोकु शिंबुन’ची कचेरी बेचिराख झाली, ११४ कर्मचारी गेले. डार्करूम कुठून असणार? मात्सुशिगे यांनी रात्री उघड्यावर फिल्म धुतली, ओढ्याच्या पाण्यात खळबळली आणि जळक्या झाडाच्या फांदीवर वाळत घातली. सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिकी लष्करी प्रशासनाने वृत्तपत्रांवर निर्बंध घातले. तरी १९४६ मध्ये एका स्थानिक सायंदैनिकात यांतले काही फोटो छापले गेले. जगाने ते पाहिले अमेरिकी ताबा संपल्यावर, २९ सप्टेंबर १९५२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात.

पुलावरच्या फोटोत सुनाओ त्सुबोई हे अभियांत्रिकीचे वीस वर्षांचे विद्यार्थीही आहेत. आपण आता जगत नाही, असे धरून त्यांनी तिथे खड्याने आपल्या मरणाची नोंद खरडली होती. ते वाचले, अणुबॉम्बपीडितांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेचे नेते झाले आणि २०२१ मध्ये ९६ व्या वर्षी गेले. या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. मात्सुशिगे स्वतः उतारवयापर्यंत मुलांपुढे त्या दिवसाची साक्ष देत राहिले. जानेवारी २००५ मध्ये ९२ व्या वर्षी ते निवर्तले.

न घेतलेल्या सतरा फोटोंबद्दल कुणी त्यांना कच्चा पत्रकार म्हणेल. मला ते पटत नाही. समोरचा माणूस ही आधी बातमी नसते, याचे भान त्या नरकातही त्यांना राहिले. म्हणूनच त्यांचे जे पाच फोटो आले, त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो.

वर्गात दुसरे महायुद्ध शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. हिरोशिमा म्हटले की आपण मुलांना आकाशात चढलेला तो प्रचंड ढग दाखवतो. त्याचे सर्वांत गाजलेले फोटो बॉम्ब टाकायला आलेल्या विमानांतून घेतलेले आहेत आणि त्यांत एकही माणूस दिसत नाही. त्याच्या शेजारी मियुकी पुलाचा फोटो लावा, आणि तो कुणी काढला त्याचे नावही सांगा.