जुन्या वळणाचे मनगटी घड्याळ : खरेपणाची भेदक लक्षणे

१. विषय आणि मर्यादा

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घड्याळांच्या धर्तीवर नवी मनगटी घड्याळे घडवण्याची प्रथा गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाली आहे. यांपैकी काही घड्याळे हाती घेताच ‘जुन्या जातीची’ वाटतात. काहींत जुनेपणाची सर्व चिन्हे असूनही ती सोंगासारखी भासतात. हा फरक कशाने पडतो, एवढाच या टिपणाचा विषय आहे. तो भाषाशास्त्राच्या पत्रिकेत का यावा, अशी शंका संभवते. परंतु घड्याळाची तबकडी हाही एक लिखित मजकूर आहे. तीवर अंक असतात, शब्द असतात, लिपीची निवड असते. आणि जुन्या शैलीत नवे लिहिणाऱ्या लेखकापुढील अडचणी व असे घड्याळ घडवणाऱ्या कारागिरापुढील अडचणी मुळात एकाच जातीच्या आहेत.

नक्कल आणि जुन्या वळणाची नवी रचना यांत प्रथमच भेद केला पाहिजे. नक्कल दुसऱ्याचे नाव धारण करते व त्याच नावाने विकली जाते. जुन्या वळणाचे नवे घड्याळ स्वतःचे नाव लपवीत नाही. ते केवळ एका काळाची बोली बोलते. येथे विचार दुसऱ्या प्रकाराचा आहे.

२. नमुना म्हणून ‘जनता’

उदाहरणासाठी आपल्या परिचयाचे घड्याळ घेणे सोयीचे. १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे घड्याळांचा कारखाना काढला. तेथील ‘जनता’ हे किल्लीचे घड्याळ देशभर पोहोचले. वर्धा जिल्ह्यातील रोहण्यासारख्या गावीसुद्धा जुन्या पिढीच्या घरात एच.एम.टी.चे एखादे घड्याळ सापडणे नवलाचे नाही. या कंपनीचा घड्याळांचा विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला; तेव्हापासून या घड्याळांची मागणी संग्राहकांत वाढली आणि त्यांच्या रूपाचे अनुकरणही मोलाचे ठरले.

‘जनता’ची लक्षणे थोडी आहेत. व्यास सुमारे ३५ मिलिमीटर. १७ माणकांचे, रोज किल्ली द्यावी लागणारे यंत्र. तारखेची खिडकी नाही. वर फुगीर, पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण, ज्याला आपण सवयीने ‘काच’च म्हणतो. यांतील कोणतेही लक्षण एकटे घेतले तर त्यात काही विशेष नाही. परंतु ती परस्परांना धरून आहेत. यंत्र लहान म्हणून कवच लहान. तारीख नाही म्हणून तबकडीवरील बाराही स्थाने सारखी मोकळी. आवरण फुगीर म्हणून कडेला अंक किंचित वाकडे दिसतात, आणि हे वाकडे दिसणेच डोळ्याला जुन्या काळाची खूण पटवते.

३. भेदक आणि अभेदक लक्षणे

ध्वनिविचारात आपण अर्थभेद करणारी लक्षणे व न करणारी लक्षणे वेगळी काढतो. तोच विवेक येथे उपयोगी पडतो. पोलादाची जात बदलली, आतील तेल सुधारले, पाण्यापासूनचे संरक्षण वाढवले, तरी घड्याळाचे ‘वळण’ बदलत नाही. ही अभेदक लक्षणे होत. उलट, व्यास ३५ चा ४२ मिलिमीटर केला की बाकी सारे तंतोतंत असूनही बोली बदलते. सपाट नीलमणी-काच बसवली की कडेचा वाकडेपणा जातो. सेकंदकाट्याची चालही भेदक आहे. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत सेकंदाला ५, म्हणजे ताशी १८,००० ठोके पडत. आजच्या अनेक यंत्रांत ताशी २८,८०० पडतात, आणि विजेरीवरील घड्याळाचा काटा सेकंदाला एकदाच उडी घेतो. जुन्या तबकडीवर अशी उडी दिसली की जुन्या वाक्यात आजचा उच्चार ऐकल्यासारखे होते.

चीनमध्ये १९६० च्या दशकात हवाई दलासाठी घडवलेल्या घड्याळाची नवी आवृत्ती सी-गल कंपनी काढते. तिच्या तबकडीवर माणकांची संख्या ‘२१ झुआन’ अशी चिनी शब्दानेच, रोमन लिपीत, दिलेली असते. तेथे इंग्रजी शब्द घातला असता तर वाचणाऱ्यांची संख्या वाढली असती. पण घड्याळ आपल्या जागेवरून हलले असते. तबकडीवरील भाषा हेही भेदक लक्षण आहे, ते असे.

४. अंकांचे वळण

एच.एम.टी.ने काही तबकड्या देवनागरी अंकांत काढल्या. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ ने संघराज्याच्या कारभारासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले असताना सरकारी कारखान्यातून देवनागरी अंकांची घड्याळे लोकांच्या मनगटावर गेली, ही गोष्ट लिपीच्या इतिहासात नोंदण्याजोगी आहे. अशा घड्याळाची आठवण देणारी नवी तबकडी रेखाटताना सर्वांत अधिक चुका अंकांतच होतात. ५, ८ आणि ९ यांची मराठी मुद्रणातील वळणे व उत्तरेकडील मुद्रणातील वळणे एक नाहीत. ल आणि श यांच्या बाबतीत हा भेद आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहेच. संगणकातील पहिला हाताला लागलेला टंक उचलला तर एका वळणाचा ५ आणि दुसऱ्या वळणाचा ९ शेजारी येऊ शकतात. शिवाय जुन्या तबकडीचे अंक पुस्तकाच्या टंकातून घेतलेले नसून त्या वर्तुळासाठी बेतलेले असत. १०, ११ व १२ हे दोन चिन्हांचे अंक एका चिन्हाच्या अंकांइतकेच जड दिसावेत, म्हणून त्यांची रुंदी कमी करावी लागते. ही काळजी जेथे नसते, तेथे वाचकाला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खटकतेच.

५. अतिशुद्धीचा दोष

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून वगळले. आज कोणी जुनी मराठी रंगवू लागला की तो सर्वत्र अनुस्वार पेरतो आणि ‘मुलगी गेलीं’ असे लिहून बसतो. जुन्या लेखनात ‘तीं गेलीं’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन होते. अनुस्वाराला तेथे काम होते. घड्याळांतही काम नसलेले अनुस्वार आढळतात. पूर्वी अंक व काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा लेप देत; पुढे १९६० च्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली व तबकडीच्या तळाशी ‘टी’ हे अक्षर छापले जाऊ लागले. (‘रेडियम’ हा शब्द मात्र मराठीत टिकला, गाडीच्या मागे लावायच्या चकाकत्या पट्टीलाही आपण तेच नाव देतो.) कालांतराने हे लेप पिवळसर झाले व त्यांचा उजेड मंदावला. आज नव्या घड्याळात मुद्दाम पिवळट रंगाचा लेप भरतात. परंतु तो लेप रात्री झगझगीत हिरवा उजळतो, आणि भोवतालची तबकडी कोरी पांढरी असते. म्हणजे रंग म्हातारपणाचा, उजेड आणि तबकडी जन्मदिवसाची.

येथेच मुख्य प्रश्न उपस्थित होतो. अनुकरण कोणत्या क्षणाचे करायचे? १९६२ साली दुकानाच्या काचेमागे असलेल्या घड्याळाचे, की साठ वर्षे घामात व उन्हात राहिलेल्या घड्याळाचे? पाठचिकित्सक संहिता सिद्ध करतो तेव्हा तो कसरीची भोके नक्कलत नाही. दोन्ही मार्ग संभवतात. पण दोन्ही एकाच तबकडीवर नांदू शकत नाहीत. सोस्यूरने एककालिक व्यवस्था आणि कालक्रमिक बदल यांत केलेला भेद येथे शब्दशः लागू पडतो.

६. मुंबईच्या रंगवलेल्या तबकड्या

हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. मुंबईत जुन्या घड्याळांच्या तबकड्या पुसून नव्याने रंगवण्याचा व जुळवाजुळव करून ती विकण्याचा धंदा मोठा आहे. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणूनच ओळखतात. कारखान्याने कधी न काढलेले रंग, नेमके न बसणारे अंक आणि शेजारी मूळ कंपनीचे नाव, असे त्यांचे स्वरूप असते. त्या कारागिरांचे हस्तकौशल्य उणे लेखण्याचे कारण नाही. बंद पडलेले यंत्र ते चालते करतात. परंतु घड्याळ दुरुस्त होते त्याच वेळी एक लेख पुसला जातो. देवनागरी अंकांची मूळ तबकडी एकदा रंगवली की त्या काळी कोणते वळण वापरले गेले, याचा तेवढा पुरावा कायमचा जातो.

जुन्या वळणाच्या नव्या घड्याळाचे मोल या तुलनेत स्पष्ट होते. ते नीट घडले तर जुन्या वस्तूला हात न लावता तिचे व्याकरण जिवंत ठेवते. त्यासाठी लक्षणांची संख्या मोठी असण्याची गरज नाही. असतील तेवढी एकाच काळाची असावीत, परस्परांशी सुसंगत असावीत, आणि तबकडीवरील नाव घडवणाऱ्याचे स्वतःचे असावे. ज्या विद्यार्थ्यांना देवनागरी अंकांच्या वळणांवर काम करावयाचे असेल, त्यांनी ग्रंथालयातील मुद्रित पुस्तकांबरोबर घराघरांतील न रंगवलेल्या तबकड्यांचीही छायाचित्रे व नोंदी जमवाव्यात. हे साधन दरवर्षी कमी होत आहे.